अहमदपूरपर्यंत कुणी बोललं नाही

प्रश्न : गेल्या दोन वर्षांत ज्या संघाला आम्ही चार वेळा हरवलं, त्याच संघानं यंदा आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत आम्हाला पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. तेही एका गुणानं. सामना संपायला चार सेकंद उरले असताना मला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला गेला. दुसरा रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. नांदेडहून परत येताना अहमदपूर येईपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. चांगला संघ असा हरत असेल तर स्पर्धेला अर्थ काय? का आम्ही मुळात चांगले नव्हतोच? — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आधी तुझ्या पत्रातला हिशेब पुरा करू. चार सेकंद राहिले तेव्हा तुम्ही दोन गुणांनी मागे होतात. पहिला फ्री थ्रो गेला आणि फरक एकावर आला. दुसरा गेला असता तर बरोबरी होऊन पाच मिनिटांचा जादा वेळ मिळाला असता, आणि तो कुणी जिंकला असता हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे तुझ्या हातून गेला तो जादा वेळ. अख्खा सामना तू एकटीनं घालवलेला नाहीस. परतीच्या गाडीत हे कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

आता तो दुसरा चेंडू. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर, मुलींच्या चेंडूचा साधारण 23. चेंडू अगदी मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही. फळ्यापासून 4.6 मीटरवर उभं राहायचं, धापा टाकत, आणि चेंडू 3.05 मीटर उंचीवरच्या त्या कड्यात सोडायचा. आपल्याकडे बरीचशी कोर्टं उघड्यावर, सिमेंटची. संध्याकाळचं वारं सुटलं तर ते वेगळंच. दहातले सात फ्री थ्रो टाकणारी मुलगी कॉलेजच्या पातळीवर चांगलीच म्हणायची. तिला दोन मिळाले, तर दोन्ही जाण्याची शक्यता 49 टक्के आणि नेमका एकच जाण्याची 42 टक्के. त्या दिवशी तुझ्या बाबतीत घडलं ते इतकं साधं होतं. चार सेकंद उरले होते म्हणून ते जन्मभर लक्षात राहील, एवढंच.

तुझा मोठा प्रश्न असा की चांगला संघ हरतोच कसा. लातूरच्या मुलीला हे समजावणं सोपं आहे. तुमच्याकडे घरटी एक तरी मूल नीटची तयारी करत असतं. त्या परीक्षेत 180 प्रश्न असतात. समज, उद्या कुणी ठरवलं की वेळ वाचवण्यासाठी फक्त पाचच प्रश्न विचारायचे. काय होईल? दोन वर्षं रात्रंदिवस घासलेली मुलगी नेमक्या न जमणाऱ्या दोन प्रश्नांवर अडकेल आणि मागच्या बाकावरचा एखादा अंदाजपंचे पाचही बरोबर करून जाईल. दरवेळी असं होणार नाही, पण आज होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा होईल. परीक्षा जितकी लहान, तितकं नशिबाचं माप मोठं.

खेळाचंही तसंच. धर की तुमचा संघ समोरच्यापेक्षा थोडासाच सरस आहे आणि प्रत्येक चढाओढीत तुम्ही सरशी करण्याची शक्यता 55 टक्के आहे. एकाच चढाओढीवर निकाल लावला तर दुबळा संघ शंभरात 45 वेळा जिंकेल. अकरा चढाओढींत ज्याची सरशी जास्त तो विजयी, असं ठरवलं तर दुबळ्याची संधी सुमारे 37 वर येते. चढाओढी 101 केल्या तर ती 16 पर्यंत घसरते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात, म्हणून तिथे लहान संघ मोठ्याला वरचेवर धक्का देतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे जातो, त्यामुळे बलवान संघ सहसा जिंकतो. सहसा म्हणजे नेहमी नव्हे. शंभरातल्या त्या सोळा वेळाही कुणाच्या तरी वाट्याला येतातच.

आणि इथे तर एक सामना जिंकून भागत नाही. सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत करंडकासाठी लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात. तुमचा संघ सर्वांत चांगला आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता 70 टक्के आहे, असं मानू. 0.7 चा चार वेळा गुणाकार केला की उत्तर येतं 0.24. म्हणजे सर्वांत चांगला संघसुद्धा चारातून जेमतेम एकदा करंडक घरी नेतो. उरलेल्या तीन वर्षी कुठल्या ना कुठल्या गावाच्या वाटेवर एक गाडी गप्प बसून परत येतच असते.

तुझ्यासारख्यांची यादी लांब आहे. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये होते. तिथे प्रत्येक विभागात पहिल्या मानांकनाचा संघ सलामीला सोळाव्या मानांकनाशी खेळतो. 1998 मध्ये मुलींच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डनं पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर 71-67 असं हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख मुली गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर होत्या. मुलांच्या स्पर्धेत असा निकाल लागायला आणखी वीस वर्षं गेली. तोवर पहिल्या मानांकनाच्या संघांनी असे सामने 135 पैकी 135 जिंकले होते. मग 16 मार्च 2018 रोजी मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठानं व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं. मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी होती. दुसऱ्या डावात जे घडलं त्यानं अख्खा देश थक्क झाला. व्हर्जिनियाचा तोच प्रशिक्षक आणि त्यातले बरेच खेळाडू 2019 मध्ये परत आले आणि त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं.

तुम्ही चांगले होतात का, याचं उत्तर एका सामन्यात शोधू नको. पाच सामन्यांत चार विजय आणि एक हार, तीही एका गुणानं, हाच तुमच्यापाशी असलेला सगळ्यांत मोठा पुरावा आहे. मात्र सगळं नशिबावर ढकलूनही चालणार नाही. जुने चार विजय जुन्या संघावर मिळवलेले. दोन वर्षांत समोरच्या मुलीही शिकल्या असतील. म्हणून गुणलेखकाचा कागद मागून घे आणि चार सेकंदांऐवजी चाळीस मिनिटं बघ. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये तुमच्या संघाचे किती फ्री थ्रो हुकले? किती वेळा चेंडू हातून निसटला? एक गुण तिथे कुठेतरी सांडलेला सापडेल, बहुतेक एकापेक्षा जास्त. आणि एक विसरू नको, विद्यापीठाचा संघ निवडताना एकट्या विजेत्या कॉलेजच्याच मुली घेत नाहीत. संघ बाहेर गेला म्हणून खेळाडूची वाट बंद होत नाही.

प्रश्न : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कबड्डी-बास्केटबॉलच्या स्पर्धा मी हौसेनं बघतो. एका पराभवात घरी पाठवणारी ही बाद पद्धत मला अन्यायाची वाटते. सगळ्यांना सगळ्यांशी का खेळवत नाहीत? आणि खरं सांगायचं तर मी स्वतः मात्र नेहमी लिंबूटिंबू संघाच्याच बाजूनं ओरडतो. हे कसं? — एक निवृत्त शिक्षक, नांदेड

उत्तर : गुरुजी, तुम्हाला न्यायही हवा आणि गंमतही हवी. या दोघांचं फारसं पटत नाही.

आधी न्यायाची किंमत बघू. सोळा संघांना बाद पद्धतीनं खेळवलं तर 15 सामन्यांत विजेता ठरतो, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि पंधराजण गेल्यावर एक उरतो. साखळी पद्धतीनं सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचं तर सामने होतात 120. दिवसाला दहा सामने धरले तरी बारा दिवस. 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालेल्या तुमच्या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आहेत. इतक्या लांबून पोरं आणायची, त्यांची राहण्याजेवणाची सोय करायची, पंच बारा दिवस अडकवून ठेवायचे, आणि तेवढे दिवस वर्ग बुडवायचे. यजमान कॉलेजच्या क्रीडा संचालकांना विचारून पाहा, ते हातच जोडतील.

मधला मार्ग मात्र आहे आणि तो आपल्याकडे वापरलाही जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठं येतात. भारतीय विद्यापीठ संघाच्या या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीनं होतात आणि शेवटच्या चार संघांत साखळी खेळवतात. गर्दी पांगवायला बाद पद्धत, खरा क्रम लावायला साखळी. शिवाय आदल्या वर्षीची कामगिरी बघून मानांकन देतात, म्हणजे दोन तगडे संघ पहिल्याच दिवशी एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

साखळीनं काय फरक पडतो, ते महाराष्ट्रानं डोळ्यांनी बघितलंय. 29 फेब्रुवारी 1996, पुण्याचं नेहरू स्टेडियम, क्रिकेटचा विश्वचषक. केनियानं जेमतेम 166 धावा केल्या. वेस्ट इंडीजसाठी हा पोरखेळ, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण त्यांचा डाव 93 धावांत आटोपला. ब्रायन लारा 8 धावांवर यष्टिरक्षकाच्या हाती झेल देऊन परतला. तो यष्टिरक्षक तारिक इक्बाल चष्मा लावून, पोट सावरत खेळणारा गडी होता आणि दिवसभर त्याच्या हातून चेंडू सुटत होते. हा मात्र अडकला. त्या संध्याकाळी पुण्यात झाला त्याहून मोठा धक्का विश्वचषकानं क्वचितच पाहिला असेल. पण तो साखळीतला सामना होता. वेस्ट इंडीज बाहेर पडले नाहीत. त्यांनी पुढे कराचीत दक्षिण आफ्रिकेला हरवलं, त्यात लाराचं शतक होतं, आणि मोहालीच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ते अवघ्या 5 धावांनी हरले. केनियाचा त्या स्पर्धेतला तो एकमेव विजय ठरला.

याच्या उलट कबड्डीचं उदाहरण घ्या. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे पुरुष साखळीत दक्षिण कोरियाकडून 23-24 असे एका गुणानं हरले. तरी ते उपांत्य फेरीत पोचले, कारण साखळी चूक पोटात घालते. उपांत्य फेरीत इराणकडून 18-27 असे हरले, तेव्हा मात्र पोटात घालायला कुणी नव्हतं. 1990 पासून लागोपाठ सात सुवर्णपदकं घेणारा संघ कांस्यपदक घेऊन परतला. मुलींनाही अंतिम सामन्यात इराणनं 27-24 असं हरवलं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. अशा वेळी मराठी माणसानं दुःख करायचं की आनंद, हे त्याचं त्यानं ठरवावं.

आता तुमच्या ओरडण्याचं. अमेरिकेत 1991 मध्ये दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे सात सामन्यांची एक काल्पनिक मालिका ठेवली. एक संघ तगडा, दुसरा दुबळा. तुम्ही कुणाच्या बाजूनं? बहुतेकांनी दुबळा निवडला. मग सांगितलं, की दुबळ्यानं पहिले तीन सामने जिंकलेत. लगेच निम्म्या जणांनी बाजू बदलली आणि मागे पडलेल्या तगड्याकडे गेले. माणसाला तो संघ आवडतोच असं नाही. जो मागे असतो त्याला वर येताना बघायला आवडतं. शिवाय यात घाटा नसतो. अनोळखी लहान संघ हरला तर आपलं काही जात नाही, जिंकला तर आठवडाभर चहाच्या टपरीवर सांगायला किस्सा मिळतो. ज्या संघाचे आपण खरेच असतो, तो हरला की पोटात कालवतं, तो प्रकार वेगळा. तो भोगायला लातूरच्या त्या मुलीसारखं गाडीत बसावं लागतं.

अमेरिकेनं या गमतीचा उत्सवच केलाय. तिथले व्यावसायिक संघ शेवटच्या फेऱ्यांत सात सामन्यांच्या मालिका खेळतात. एक सामना जिंकण्याची शक्यता 70 टक्के असलेला संघ अशी मालिका 87 टक्के वेळा जिंकतो. न्याय मिळतो, पण धक्के कमी. कॉलेजच्या स्पर्धेत मात्र एकच सामना, आणि हरला तो घरी. मूळ फेरीत 64 संघ, 63 सामने. लोक सगळ्या निकालांचे अंदाज आधीच कागदावर भरून ठेवतात. ते किती तऱ्हांनी भरता येतील, त्याचा आकडा एकोणीस अंकी आहे. त्यामुळे शेवटपर्यंत कुणाचाच कागद बिनचूक राहत नाही, आणि त्याचीच त्यांना मजा वाटते.

प्रश्न : आमच्या कॉलेजात उंच पोरं नाहीत. एकच सिमेंटचं कोर्ट, तेही उघड्यावर. मोठ्या कॉलेजला एकदा तरी धक्का द्यायचा आहे. काय करावं? — एक क्रीडाशिक्षक, देगलूर

उत्तर : सर, वरचा हिशेब आता तुमच्या बाजूनं वाचा. परीक्षा मोठी झाली की हुशार मूल पुढे जातं. तेव्हा तुम्ही परीक्षा लहान करा. पळापळीचा खेळ करू नका. चेंडू घाईनं टाकायचा नाही, पास देत राहायचं, समोरच्याला कंटाळा आणायचा. सामन्यात चेंडू जितक्या कमी वेळा हात बदलेल, तितकी तुमची संधी वाढेल.

हे इतकं चालतं की त्यापायी खेळाचा नियम बदलावा लागला. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनं मिनियापोलिस लेकर्सशी खेळताना चेंडू नुसता धरून ठेवला. लेकर्सकडे त्या काळचा सर्वांत जबरदस्त उंच खेळाडू जॉर्ज मिकन होता. मिकननं संघाच्या 18 पैकी 15 गुण केले, आणि सामना पिस्टन्सनं 19-18 असा जिंकला. प्रेक्षक वैतागले. 1954 मध्ये 24 सेकंदांत चेंडू टाकण्याचा नियम आला. हा आकडा आला कुठून? चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा चेंडू टाकतात आणि सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. भागाकार केला की 24. आज आंतरराष्ट्रीय नियमांतही 24 सेकंदच आहेत, म्हणून तुम्हाला पिस्टन्ससारखं बसून राहता येणार नाही. पण सातव्या सेकंदाला चेंडू फेकायचा की एकविसाव्या, हे तुमच्याच हातात आहे.

1996 मध्ये प्रिन्स्टननं आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला असंच 43-41 वर आणून हरवलं. संयम धरायचा, बचाव करणारा गडी पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे धाव घ्यायची, बस्स. वर सांगितलेल्या व्हर्जिनियाची गोष्टही इथे पुन्हा वाचण्यासारखी आहे. ते बलवान होते आणि खेळत होते संथ. बलवानानं संथ खेळणं म्हणजे स्वतःच परीक्षा लहान करून घेणं. मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक हे वाचत असतील तर त्यांनी उलटा धडा घ्यावा आणि पोरांना पळवावं.

दुसरं, तीन गुणांचे फटके. ते कमी लागतात, पण लागले की भराभर लागतात. बलवान संघाला रोज सारखा खेळ हवा असतो. तुम्हाला एकच दिवस झकास जायला हवा, म्हणून जोखीम तुम्हाला परवडते. तिसरं, उंचीचं. 2023 मध्ये फेअरली डिकिन्सन हा अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांतला सर्वांत बुटका संघ होता. समोर परड्यूचा झॅक ईडी, उंची 7 फूट 4 इंच. त्यांनी त्याच्यापुढे आणि मागे गडी उभे केले, त्याच्यापर्यंत चेंडूच येऊ दिला नाही आणि 63-58 असा सामना मारला. आणि चौथं, फ्री थ्रो. त्याला उंची लागत नाही आणि नवं कोर्टही लागत नाही. रोज सरावानंतर प्रत्येकानं दमलेल्या पायांनी वीस टाकायचे, एवढाच खर्च.

शेवटी एक गोष्ट. धक्का बसतो तो बघणाऱ्यांच्या अंदाजाला. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात सतपालला हरवलं, तेव्हा खळबळ उडाली होती. सतपाल उत्तरेतला गाजलेला, अंगापिंडानं थोराड मल्ल. पण बिराजदार काही वाटेवरून आलेले नव्हते. 1969 मध्ये खुद्द लातूरला ते महाराष्ट्र केसरी झाले होते आणि 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं होतं. खळबळ बाहेरच्यांची, त्यांना स्वतःला त्यात फारसं नवल वाटलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पोरांनीही आपल्याला लिंबूटिंबू समजून कोर्टवर उतरू नये.

आणि जिंकलात तर रात्रीचा बंदोबस्त ठेवा. बाल्टिमोरवाले दोन दिवसांनी कॅन्सस स्टेटकडून 43-50 असे हरले. फेअरली डिकिन्सनही पुढचाच सामना हरले. मोठ्या संघाला लोळवल्यावर पोरं मध्यरात्रीपर्यंत तेच तेच सांगत बसतात, फोन चालू असतात, गुलाल कुठून तरी येतोच. पुढचा सामना बहुधा सकाळी असतो. तेव्हा दहा वाजता दिवे बंद करा.